लीएजचे गोळे आणि घरची चूल

बेल्जियमच्या पूर्व भागात म्यूज नदीच्या काठी वसलेल्या लीएज शहरात खिम्याचे जे मोठे, आंबटगोड रश्शात मुरलेले गोळे रांधले जातात, त्यांना त्या नगरीच्या पाकपरंपरेत इतके मानाचे स्थान आहे की, उत्तम गोळे वाढणाऱ्या उपाहारगृहास ‘स्फटिकाचा गोळा’ बहाल करणारे खवय्यांचे एक मंडळही तेथे आहे. या मंडळाविषयी मला आदर वाटतो. परंतु पारितोषिकांनी पदार्थाचे जतन होते, हा समज मला मान्य नाही. हा पदार्थ मुळात घरचा, आणि घरच्या चुलीवरून तो एकदा उतरला म्हणजे उपाहारगृहातील त्याची प्रतिष्ठाही फार काळ टिकणार नाही.

रश्शाचा पूर्वेतिहासच याला साक्ष आहे. लीएजच्या परिसरात करवसुलीच्या कामावर असलेल्या एर्नेस्त लापँ या अंमलदाराच्या पत्नी जेराल्दीनबाई यांनी तो सिद्ध केला, असे परंपरेने सांगितले जाते, आणि आजही तो लापँ याच नावाने ओळखला जातो. कचेरीतील दप्तरे, वसुलीचे हिशेब, सरकारी हुद्दा हे सारे विस्मरणात गेले. ते आडनाव लोकांच्या तोंडी राहिले ते एका गृहिणीच्या पातेल्यामुळे.

गोमांस व डुकराचे मांस यांच्या खिम्यात दुधात भिजवून पिळलेला शिळा पाव, बारीक कांदा, पार्सली, अंडे आणि जायफळ मिसळतात. शिळ्या पावाची ही योजना केवळ काटकसरीची आहे असे समजून जे शुद्ध मांसाचेच गोळे वळतात, ते आपल्या पदार्थाचे नुकसान करतात. कारण दूध प्यायलेला पाव मांसाच्या तंतूंना परस्परांशी आवळू देत नाही, आणि त्यामुळेच दीर्घ काळ शिजूनही गोळा मऊ राहतो. मूठभर आकाराचे हे गोळे लोण्यात परतताना मात्र संयम हवा. खालच्या बाजूस तपकिरी कवच धरले म्हणजे गोळा आपणहून पातेल्यापासून सुटतो. तोपर्यंत त्यास उलथने लावले, तर कवच पातेल्यालाच राहते आणि गोळा फुटतो.

त्याच पातेल्यात, बुडाशी लागलेला खरपूस भाग न धुता, उभे चिरलेले पुष्कळ कांदे मंदाग्नीवर परतावेत; मग शिरका, पाणी, तांबूस साखर, तमालपत्र, लवंग, काळ्या मनुका आणि, ज्यावाचून या रश्शाला लीएजचे म्हणताच येणार नाही, तो फळांचा पाक घालावा. लीएजजवळचा एर्व हा प्रदेश नासपाती व सफरचंदांच्या बागांचा. ही फळे शिजवून, फडक्यातून पिळून, निघालेला रस तासन्‌तास आटवला असता चमच्यावरून सावकाश ओघळणारा काळसर पाक तयार होतो, आणि त्यात गोडीबरोबर फळाची आम्लताही शिल्लक राहते. शिरक्याची तीव्रता आणि साखरेचा गोडवा यांचा मेळ घालण्याचे काम तोच करतो. तयार रश्शाच्या पुड्या व डबे वापरणाऱ्यांना या मेळाची कल्पनाही येत नाही, आणि मला खरी खंत वाटते ती याची. कारण ज्या मुलांनी ही चव घरी घेतलेली नसेल, ती उद्या उपाहारगृहात बसून कशावरून पारख करणार?

हे गोळे तळलेल्या बटाट्यांबरोबर वाढतात, आणि आदल्या दिवशी शिजवून ठेवलेले अधिक रुचकर लागतात. आपल्याकडील एखाद्या हौशी गृहिणीला किंवा गृहस्थाला ते करून पाहावयाचे असतील, तर पाकाच्या जागी गूळ अथवा काकवी घालण्याचा मोह आवरावा. त्यांत गोडी आहे, पण फळाचा आंबटपणा नाही. त्यापेक्षा सफरचंदे व नासपाती आणून, त्यांचा रस जाड बुडाच्या पातेल्यात स्वतः आटवावा. अर्धा दिवस जाईल, तो जाऊ द्यावा.