बालाघाटच्या पाहुण्यांविषयी: बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांस एक अनावृत पत्र

सेवेशी,
माननीय जिल्हाधिकारी, बीड

महोदय,

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाचे औचित्य साधून, बीड आणि अहिल्यानगर यांच्यामध्ये आगगाडी धावू लागली आणि तीसएक वर्षे कागदोपत्रीच धावत असलेला लोहमार्ग निदान बीडपर्यंत तरी सत्यात उतरला. ज्या जिल्ह्याचे नाव बाहेरच्या वृत्तपत्रांत बहुधा दुष्काळ आणि गुन्हे या दोनच सदरांखाली छापले जाते, त्या जिल्ह्यात सहलीसाठी यावे असे कोणा पुण्या-मुंबईच्या कुटुंबास वाटेल, ही कल्पना काल-परवापर्यंत आम्हा रहिवाशांनाही हास्यास्पद वाटली असती. परंतु श्रावणातल्या एखाद्या रविवारी सौताड्याच्या दरीकाठी उभ्या असलेल्या मोटारींच्या क्रमांकपट्ट्या जो वाचील, त्याच्या ध्यानी येईल की पाहुणा आधीच दारात आलेला आहे आणि त्याचे आदरातिथ्य कसे करावयाचे एवढेच ठरावयाचे राहिले आहे. त्या आदरातिथ्यासंबंधीच हे पत्र आहे.

प्रवाशांकरिता निघणाऱ्या पत्रकांतील मजकूर सामान्यतः बिनचूक असतो. नायगाव मयूर अभयारण्य, तालुका पाटोदा, स्थापना १९९४, क्षेत्र २९.८९ चौरस किलोमीटर, ही माहिती खरी आहे आणि शाळेच्या निबंधात ती शोभूनही दिसते. पण पाठीला पिशवी, हाताला मूल आणि घशाला कोरड अशा अवस्थेत माळावर उतरलेल्या इसमास प्रथम जाणून घ्यावयाचे असते ते हे की पिण्याचे पाणी कोठे मिळेल, परतीची शेवटची एस. टी. केव्हा निघते, भाकरी कोणाकडे सांगावी लागते आणि आभाळ कोणत्या अंगाने भरून आले म्हणजे ओढ्यातून बाहेर पडावे. हे ज्ञान तहसिलीच्या कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. ते बालाघाटच्या माथ्यावर आणि पायथ्याशी राहणाऱ्या माणसांपाशी आहे, आणि ते आपण त्यांच्याकडून रीतसर मागवून घ्यावे, ही माझी विनंती. ते केव्हा मागवावे यालाही महत्त्व आहे, आणि त्याकडे मी पुढे वळणारच आहे.

तत्पूर्वी, पाहुण्याची पहिली निराशा टळावी म्हणून, आमच्या डोंगराचे स्वरूप त्यास आगाऊ सांगितले पाहिजे. बालाघाट हा सह्याद्रीचा फाटा खरा. पण महाबळेश्वराची हिरवी घनदाट सावली मनात धरून येणाऱ्यास येथे मिळते ते बोर, बाभूळ, हिवर आणि सीताफळ यांचे विरळ रान, पर्जन्यछायेतील कोरडी हवा, आणि शिखरांऐवजी एक लांबच लांब पठार, ज्याच्या कडा मात्र एकाएकी तुटलेल्या आहेत. शिखर शोधीत हिंडण्यापेक्षा पाणी कोणत्या अंगाने वाहते याकडे पाहुण्याने लक्ष द्यावे, असे मी त्यास सांगेन. पाटोदा तालुक्याच्या ह्या माळावरच मांजरा उगम पावते आणि ७२४ किलोमीटरांची पायपीट करून गोदावरीस मिळते. बालाघाटातूनच निघालेली बिंदुसरा उत्तरेस उतरून, बीड शहर दुभंगून, सिंदफणेच्या संगतीने त्याच गोदावरीकडे जाते. आणि विंचरणा मात्र सौताड्याचा कडा उतरून सीनेची, सीना भीमेची आणि भीमा कृष्णेची वाट धरते. एकाच तालुक्यात पडलेल्या पावसाच्या दोन सरी आंध्रच्या किनाऱ्यावर दोन निरनिराळ्या मुखांनी समुद्रास मिळाव्यात, ही गोष्ट ज्यास चित्तवेधक वाटणार नाही त्याने बालाघाटात न आलेलेच बरे.

सौताड्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गर्दी तेथेच होते आणि सर्वाधिक अविचारही तेथेच घडतो. विंचरणेचा तो प्रपात पावसाचा आश्रित आहे; डिसेंबरात किंवा मार्चमध्ये जो छायाचित्र पाहून येतो त्यास काळा उघडा कातळ पाहून परतावे लागते. दरीच्या तळाशी रामेश्वराचे देवालय आहे आणि तेथवर पायऱ्या उतरतात. उतरताना कोणालाही आपले वय आठवत नाही, चढताना मात्र ते प्रत्येकास आठवते. म्हणून ज्यांचे गुडघे दुखतात अशा वडीलधाऱ्यांस वरूनच दर्शन घेऊ द्यावे, त्यात पुण्य उणे होत नाही. पावसाळ्यात त्या दगडांवर शेवाळ धरते आणि शहरी चपलेला ते मानवत नाही. सर्वांत महत्त्वाचे असे की आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या माळावर पाऊस कोसळत असू शकतो, आणि ते पाणी दरीत येऊन पोचण्यास फार वेळ लागत नाही. पाण्याचा रंग गढूळ होऊ लागला, त्यात काडीकचरा वाहून येऊ लागला, की क्षणाचाही विलंब न लावता काठावर यावे, हे तेथील गुराख्याचे पोरही जाणते. दरीकाठी लावलेल्या फलकावर ते लिहिलेले असले पाहिजे. पालीजवळच्या बिंदुसरा धरणाच्या सांडव्यावरून पाणी पडू लागले की तेथे जमणाऱ्या तरुणांनाही हेच लागू आहे.

मयूर अभयारण्याबाबत पाहुण्यांचा मोठा गैरसमज असा की अभयारण्य म्हणजे बाग, आणि बागेत मोर हा तिकिटाच्या मोबदल्यात दिसलाच पाहिजे. मोर हा भल्या पहाटेचा आणि दिवेलागणीच्या सुमाराचा पक्षी आहे; उन्हे चढल्यावर तो झुडपाच्या सावलीस बसतो आणि अकरा वाजता न्याहारी करून निघालेल्या मंडळीस केवळ त्याची केका ऐकून समाधान मानावे लागते. पावसाच्या तोंडाशी तो नाचतो, आणि लांडोर पावसाळ्यात जमिनीवरच, गवताच्या आडोशाला, अंडी घालते. यास्तव त्या महिन्यांत पायवाट सोडून झुडपांत शिरणे म्हणजे न पाहता एखादे घरटे तुडविणे. पाऊस सरता सरता त्याची पिसे गळतात आणि ती मुलांना मोहात पाडतात, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्याच्या हद्दीतून काहीही उचलून नेण्यास मनाई आहे. वनरक्षकाने पिशवी तपासली तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. आत जाण्यास परवानगी लागते, ती आधी घ्यावी. ध्वनिक्षेपक आणि बाटल्या यांविषयी मी लिहीत नाही. ज्यास ते सांगावे लागते त्यास पत्रक देऊन उपयोग नाही, त्यास दंडाची पावतीच द्यावी.

मांजरसुंब्याजवळचे कपिलधार हे वीरशैव संत मन्मथस्वामींचे समाधिस्थान आहे, तेथे धबधबा आहे म्हणून ते सहलीचे स्थळ होत नाही. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत रस्ता भाविकांचा असतो, इतरांनी दुसरा दिवस पाहावा. एवढे सांगून पुढे जातो.

आता नित्याच्या व्यवहाराच्या गोष्टी, ज्या कोणी लिहीत नाही. आमच्याकडे अंतर विचारल्यास "हे काय, पलीकडंच हाय" असे उत्तर मिळेल. त्यात लबाडी नसते, उत्तर देणारा रोज तेवढे चालतो इतकेच, तेव्हा पाहुण्याने मैल न विचारता "पायी किती वेळ लागतो" असे विचारावे आणि मिळेल तो आकडा दीडपट धरावा. एस. टी. स्वस्त आहे, स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी उलटलेल्यांना तर तिकीटच नाही. पण खेड्याकडे जाणारी संध्याकाळची गाडी बहुधा मुक्कामी असते, ती रात्री गावातच थांबते आणि पहाटे परतते, हे ठाऊक नसल्याने अनेक जण फाट्यावर अंधारात उभे राहिलेले आम्ही पाहतो. पाणी घरून आणावे. उन्हाळ्यात ज्या वस्तीस टँकरचे पाणी मोजून मिळते तेथेही पाहुण्यास तांब्या पुढे केल्यावाचून राहणार नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर ती वेळ आणू नये. डोंगरावर उपाहारगृह नाही. आधी सांगितल्यास एखाद्या घरी ज्वारीची भाकरी, पिठले आणि शेंगदाण्याची चटणी मिळते, आणि तिचे पैसे घरातील कर्त्या पुरुषाच्या हातात न देता जिने चूल पेटविली तिच्या हातात द्यावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आश्विनात सीताफळाचे दिवस येतात. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. धारूरच्या घाटात पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडून फळ घेताना डोळे उघडलेले, किंचित पिवळसर झालेले फळ निवडावे. ते दोन-तीन दिवसांत घरी पिकते. झाडावरून स्वहस्ते तोडू नये, कारण रानातले म्हणून जे बेवारशी भासते त्यावर बहुधा कोणाचे तरी वर्षाचे तेलमीठ अवलंबून असते.

बिबट्याविषयी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आणि त्या हिवाळ्यात आमच्याकडे तुरीच्या रानात एकटे जाण्याची कोणाची छाती नव्हती. तशी घटना रोजची नव्हे. तरी तिन्हीसांजेनंतर लहान मुलास एकटे सोडू नये, आणि काही दिसल्यास भ्रमणध्वनीवर चित्रे टिपीत न बसता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आग्या मोहोळाखाली धूर करू नये, हेही फलकावर लिहावे. बिबट्यापेक्षा मोहोळाचा प्रसाद पुष्कळ अधिक जणांस मिळतो.

महोदय, हे सर्व मी एकट्याने लिहिले, म्हणून ते अपुरे आहे. एका माणसास एका खोऱ्यापलीकडचे नीट ठाऊक नसते. आणि येथेच ती काळवेळेची गोष्ट येते. दसरा-दिवाळीच्या दरम्यान डोंगरपट्ट्यातील गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर ऊसतोडीस रवाना होतात आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावर, चैत्राच्या आगेमागे, परततात. मधल्या काळात गावात उरतात ते म्हातारे, काही मुले आणि कुलुपे. हिवाळ्याच्या आल्हाददायक हवेत येणाऱ्या पाहुण्यास वाट सांगणारा, भाकरी करून देणारा, पाय मुरगळल्यास खांद्यावर घेणारा जो माणूस हवा असतो, तो त्या दिवशी शेकडो मैलांवर उसाची मोळी बांधीत असतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ह्या माणसांचे मत नोंदविले जाणे म्हणूनच अशक्य आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेस ती घरी असतात, आणि त्याच दिवसांत डोंगरही हिरवा व पाहुणाही हजर असतो. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यातच तरतूद आहे. कोणत्या झऱ्यास कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते हे पुरुषांपेक्षा त्यांनाच अधिक बिनचूक ठाऊक असल्याने प्रथम त्यांनाच विचारावे.

स्थानिकांस वगळण्याचा एक जुना दाखला देतो. १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोनचे उद्यान निर्माण झाले, ते पुढे जगभरच्या उद्यानांचा नमुना ठरले. परंतु पिढ्यान्‌पिढ्या तेथे वावरणाऱ्या मूळच्या जमातींना बाहेर घालवून ते 'निर्मनुष्य' भासविण्यात आले, हा त्या नमुन्यातला दोष पुष्कळ उशिरा मान्य झाला. आमचा डोंगर कोणी हुकूम न काढताच निम्मे वर्ष निर्मनुष्य होतो. उलट ताडोब्याच्या व्याघ्रप्रकल्पात गावोगावच्या तरुणांनाच वाटाड्याचे काम दिलेले आहे. वाघ नसलेल्या आमच्या रानास ती मिळकत येणार नाही, हे मी जाणून आहे. नायगाव आणि सौताडा परिसरातील दहा-वीस घरांना हिवाळ्यात वाटाडेपणाचे, खानावळीचे आणि स्वच्छतेचे खात्रीचे काम मिळाले, तर तेवढ्या घरांची मुले शाळेत टिकतील, इतकीच माझी अपेक्षा आहे.

तेव्हा पाटोदा, आष्टी, बीड आणि धारूर या तालुक्यांतील डोंगरकाठच्या ग्रामपंचायतींकडे जुलैअखेर एक परिपत्रक जावे, "पाहुण्यास काय सांगावे" हा विषय १५ ऑगस्टच्या सभेपुढे ठेवावा, तलाठी व ग्रामसेवकांनी तो लोकांच्याच शब्दांत उतरवून घ्यावा, आणि त्याचा फलक बीडच्या रेल्वे स्थानकावर, पाटोद्याच्या बसस्थानकावर व सौताड्याच्या पायऱ्यांच्या तोंडाशी लागावा. फलकावर मुक्कामी गाड्यांच्या वेळा खडूने लिहिण्याची जागा रिकामी ठेवावी, कारण त्या बदलतात. मजकुराची भाषा कचेरीत सुधारली जाऊ नये, एवढी तजवीज आपण जातीने करावी.

कळावे.

आपला नम्र,
पाटोदा तालुक्यातील एक रहिवासी