वाघाटीचा अभ्यास उसाच्या फडात व्हायला हवा

मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), महाराष्ट्र राज्य, यांस



२०२२च्या व्याघ्रगणनेत राज्यात ४४४ वाघांचा अंदाज निघाला. दर चार वर्षांनी होणाऱ्या या गणनेच्या कॅमेऱ्यांत वाघाटी आणि रानमांजर ही लहान जंगली मांजरेही टिपली जातात. त्याच छायाचित्रांच्या आधारे २०२५मध्ये देशातील लहान मांजरांच्या स्थितीचा अहवाल आला, ही मोठी गोष्ट आहे. पण तो व्याघ्रक्षेत्रांपुरता आहे. वाघाटी आणि रानमांजर मात्र माळरानांवर, गावालगतच्या झुडपांत आणि शेतांतही राहतात. म्हणून माझी विनंती एकच : संशोधनाचा पुढचा पैसा अभयारण्याबाहेर खर्च व्हावा.

पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या हंगामात फडात वाघाटीची पिल्ले सापडतात आणि अनेकदा ती बिबट्याचे बछडे समजली जातात. वनरक्षक आणि बचाव पथके पिल्लांची आईशी पुनर्भेट घडवतात. अशा प्रत्येक प्रसंगी तारीख, गट क्रमांक, पिल्लांची संख्या आणि आई परतली की नाही हे ठरावीक नमुन्यात नोंदवले, तर प्रजननाचा काळ आणि अधिवास यांचा पट आपोआप उभा राहील. रस्त्यावर मेलेल्या मांजराचे शवविच्छेदन केले, तर त्याचा आहार, आजार आणि पाळीव मांजरांशी झालेला संकर यांचा उलगडा होऊ शकतो. गावात भटक्या कुत्र्या-मांजरांचा वावर असतो, त्यामुळे रोगांचा अभ्यास तातडीचा आहे. गीरमध्ये २०१८ साली कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या रोगाच्या साथीत सिंह दगावले, हे विसरून चालणार नाही.

वाघ वाचला की त्याच्या छत्राखाली बाकीचे प्राणी वाचतात, असे यावर म्हटले जाईल. जंगलापुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे, पण ते छत्र सोलापूरच्या माळापर्यंत पोहोचत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. वरच्या नोंदींसाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. वनरक्षक आहेत, पशुवैद्यक आहेत, फक्त नमुना आणि आदेश हवा. रानमांजराच्या अंगावर वाघासारखे ठळक पट्टे नसल्याने एकेक प्राणी ओळखून मोजणे अवघड, हेही खरे. पण संवर्धनासाठी आधी कळायला हवे ते हे, की प्राणी कोणत्या भूभागात टिकून आहे आणि कुठून हटतो आहे. तेवढे अशा नोंदींतून आणि विष्ठेच्या जनुकीय तपासणीतून कळू शकते.

उंदीर हे या मांजरांचे मुख्य खाद्य. म्हणून मांजरांना राखणे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे. येत्या गळीत हंगामापूर्वी हा नोंद-नमुना सर्व वनपरिक्षेत्रांना पाठवावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक वन्यजीव अभ्यासक