अंधांची सही आणि संशयाचे भिंग

बीडसारख्या जिल्ह्यात पीककर्ज, निवृत्तिवेतन, वाटणीपत्र असे कितीतरी व्यवहार सहीवर चालतात. दृष्टी गमावलेल्या माणसाची सही वादात सापडली, तर अस्सल असूनही ती बनावट ठरण्याचा धोका असतो. अडखळती रेघ, मध्येच उचललेली लेखणी ही बनावटीची लक्षणे मानली जातात. परंतु अंधाच्या खऱ्या सहीतही ती आढळू शकतात. म्हणून तुलनेसाठी दृष्टी गेल्यानंतरचेच नमुने हवेत. हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत सावधपणे पारखावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मुरारीलाल खटल्यात सांगितले. अंधांना धनादेशपुस्तिका नाकारू नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये दिला. तेव्हा बँकांनी अशा खातेदारांचे नवे नमुने वेळोवेळी नोंदवून ठेवावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.