आधी पैशाचं बोला

मराठीत लिहून पोट भरायचं ठरवलेल्या माणसाला एक सल्ला हटकून मिळतो: 'माणसं जोडा, पैसे मागाहून येतातच.' सल्ला देणारे बहुतेक पगारदार असतात. एक तारखेला खात्यात पगार जमा होताना त्यांचे साहेबांशी संबंध कसे आहेत, हे कुणी विचारत नाही. आमचं मात्र सगळं संबंधांवर चालावं, अशी त्यांची अपेक्षा. पैशाचं आधी बोललं तर समोरचा दुखावतो, कागद मागितला तर अविश्वास दिसतो आणि थकलेल्या बिलाची आठवण करून दिली की 'मॅडम, आम्ही काय पळून चाललोय का?' हा सगळा विचारच मला मुळात चुकीचा वाटतो. त्यात लेखकाचं नुकसान आहे हे उघडच आहे. काम देणाऱ्याचंही आहे, त्याकडे मात्र कुणी बघत नाही.

या सल्ल्यात खरं आहे तेवढं आधी मान्य करते. मराठी लेखनाचं काम देणारं जग लहान आहे. अनुवाद, माहितीपत्रकं, संस्थेची शताब्दी स्मरणिका, माहितीपटाची संहिता, यातलं फारसं काही जाहिरात देऊन मिळत नाही. कुणीतरी कुणाला तरी आपला नंबर देतं, म्हणून फोन येतो. तेव्हा तुसडेपणा परवडत नाही, कबूल. पण ओळखीने काम मिळतं यावरून ओळखीने पैसेही मिळतात, हे कुठून आलं? अनोळखी कंपनीच्या अकाउंट्समध्ये दर सोमवारी फोन लावायला मला काही वाटत नाही. मामेभावाच्या मित्राला लावायचा असला की दोन दिवस त्यातच जातात.

शब्दांकनाचं काम घ्या. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात घरोब्याचं काम. निवृत्त कारखानदार किंवा एखाद्या शिक्षणसंस्थेचे संस्थापक, वय ऐंशीच्या पुढे, मुलं परदेशी. सांगण्यासारखं पुष्कळ आणि घरात ऐकायला कुणी नाही. पहिल्या बैठकीला पोहे, चहा आणि 'तुम्ही आता घरच्याच.' पैशाचा विषय काढला की काका म्हणतात, 'त्याची काळजी करू नका, तुम्हाला नाराज करणार नाही.' यात लबाडी अजिबात नसते. काकांना खरोखरच तसं वाटत असतं. पण त्यांच्या डोक्यातला हिशेब छापलेल्या पानांचा असतो आणि माझा तासांचा. तासाभराच्या रेकॉर्डिंगवरून नुसता मजकूर उतरवायलाच चारेक तास जातात. मग सनावळ्या जुळवायच्या. पानशेतच्या पुरात नवी नवरी बिऱ्हाडाची भांडी कशी वाचवत होती ते काका रंगवून सांगतात आणि कपाटातून निघालेली लग्नपत्रिका असते १९६३ची. पूर १९६१चा. मग ती भांडी वाचवणारी कोण, आई की थोरली वहिनी, हे काकूंना हळूच विचारायचं, तेही काका आंघोळीला गेलेले असताना. कुठल्याही पानावर हे तास दिसत नाहीत.

मसुदा पुरा होतो आणि अमेरिकेतला मुलगा तो वाचतो. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचं प्रकरण त्याला नको असतं. मुलीला आत्याचा उल्लेख खटकतो. दोन प्रकरणं जातात, पुस्तक बारीक होतं आणि मग कुणीतरी म्हणतं, 'पानं कमी झाली, तर तेवढं बघून घ्या.' हे सगळं आधी ठरलेलं असेल तर प्रश्नच उरत नाही. पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी, दुसरा अर्धा मसुदा दिल्यावर, तिसरा पूर्ण मसुदा हातात ठेवल्यावर. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, पुढच्या फेरीचे पैसे वेगळे. पुस्तक छापा, न छापा, त्याचा हप्त्यांशी संबंध नाही.

संबंध जपणाऱ्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट इथे आहे. पैसे ठरलेले आणि वेळेवर मिळालेले असले, म्हणजे मी काकांना सांगू शकते की तिसरं प्रकरण नुसती सत्कारसमारंभांची यादी झालंय, वाचणारा तिथे पुस्तक मिटेल. ज्याचे पैसे अडकलेत तो असं बोलत नाही. तो 'छान झालंय काका' म्हणतो आणि शेवटच्या हप्त्याची वाट बघतो. बिल्डरच्या माहितीपत्रकातही तेच. 'निसर्गाच्या कुशीत' हे शब्द आता कुणी वाचत नाही. त्यापेक्षा टेकडी किती मिनिटांवर आहे आणि पाणी महापालिकेचं की टँकरचं ते लिहा, हे सांगायला बिल मंजूर झालेलं असावं लागतं. क्लायंट पैसे मोजतो ते या स्पष्टपणासाठी. लेखकाला ताटकळत ठेवून तो स्वतःच्या हाताने खुशमस्कऱ्या तयार करतो.

दुसरा आक्षेप जरा उच्चभ्रू आहे: 'हे ऑर्डरीचं लेखन, यात कसली आलीय प्रतिभा? मग पैसेही त्याच मानाने.' १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' चाललं. दर आठवड्याला नवं गीत, प्रक्षेपणाचा दिवस ठरलेला, त्याआधी माडगूळकरांनी शब्द द्यायचे आणि सुधीर फडक्यांनी चाल बांधून ध्वनिमुद्रण उरकायचं. अशी ५६ गीतं झाली. विषय ठरलेला, तारीख बाहेरची, तरी त्या लेखनाला कुणी दुय्यम म्हटलं नाही. मागणीवरून लिहिलेलं वाईट निघतं, तसं स्वान्तःसुखाय लिहिलेलंही निघतं. उलट बाजारात खपतं म्हणून ते चांगलं, असंही मी म्हणत नाही. माझ्या माहितीपत्रकांना मी साहित्य समजत नाही. मुद्दा एवढाच की कामाच्या दर्जाचा आणि पैसे बुडवण्याचा काही संबंध नाही.

फुकट लिहू नये असंही माझं मत नाही. एखादं अनियतकालिक चार मित्र पदरमोड करून काढत असतील, तर तिथे मी आनंदाने लिहिते. तिथे कुणालाच काही मिळत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. राग येतो तो वेगळ्या ठिकाणी. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा 'मनोरंजन'ने १९०९ साली सुरू केली. एवढ्या वर्षांत जाहिरातीचं दरपत्रक छापील झालं: मलपृष्ठ इतके, आतलं रंगीत पान इतके. लेखाचा दर मात्र आजही फोनवर विचारावा लागतो आणि विचारला की पलीकडे क्षणभर शांतता पसरते.

आता 'करार म्हणजे अविश्वास' हे पाहू. कागद नसला तर कायदा काय म्हणतो, हे काम देणाऱ्यांनी एकदा बघावं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मजकुराचा पहिला मालक तो लिहिणारा असतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर गोष्ट वेगळी, पण फ्रीलान्सर नोकर नव्हे. फोटोचं उलट आहे: पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचा होतो. म्हणजे एकाच माहितीपत्रकात फोटो कंपनीचा आणि खालचा मजकूर माझा. मजकुराचे हक्क कंपनीला हवे असतील तर माझ्या सहीचा लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. अमेरिकेतल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात वाटायला तेच माहितीपत्रक वापरायचं झालं तर? कागदाची गरज माझ्याइतकीच त्यांना आहे. तरी तो मागितला की तोंड वाकडं झालेलं मला त्यांचंच दिसतं.

पैसे थकवण्याचं तर शास्त्रच झालं आहे. 'पीओ निघायचाय', 'साहेबांची सही राहिलीय', 'मार्च एन्डिंग आहे ना, एप्रिलमध्ये बघू.' आमच्या फीमधून दहा टक्के टीडीएस कापताना हीच मंडळी कायद्याला अगदी धरून असतात. कायदा दुसरीकडेही आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याखाली सेवा देणारी एकटी व्यक्तीही 'उद्यम' नोंदणी करू शकते. नोंदणी आधार क्रमांकावर होते, फी नाही. मग लेखी मुदत नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढ. शिवाय सूक्ष्म व लघु उद्योगांना मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येते, अशी तरतूद आयकर कायद्यात १ एप्रिल २०२४पासून लागू झाली. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्सवाले जरा ताठ बसतात. नोंदणी मात्र काम घेण्याआधीच करून ठेवावी. आणि स्वतःच्या आत्मचरित्राचं शब्दांकन करून घेणारे काका या कायद्याला फारसे भीत नाहीत, कारण ते पुस्तक त्यांच्या धंद्याचा खर्च नसतं. तिथे पहिला हप्ता हाच काय तो आधार.

हल्ली एक नवं वाक्य ऐकू येतं: 'एआयकडून लिहून घेतलंय, तुम्ही फक्त हात फिरवा.' हात फिरवायचा म्हणजे सगळं पुन्हा लिहायचं, हे त्यांनाही माहीत असतं, कारण तसंच चाललं असतं तर फोन आलाच नसता. याला माझं उत्तर एकच: दर नव्याने लिहिण्याचाच.

'असं वागलात तर काम हातचं जाईल', हा शेवटचा आक्षेप. जातं. पैशाचं बोलल्यावर ज्यांचा फोन परत आला नाही असे क्लायंट मला आठवतात आणि त्यातलं एखादं काम मला मनापासून करायचं होतं. पण नुकत्याच सुरुवात केलेल्या, घरभाडं डोक्यावर असलेल्या मुलीला 'नाही म्हण' असं सांगणं सोपं नाही, मी सांगतही नाही. तिने निदान चार ओळींचा मेल पाठवावा: काम काय, रक्कम किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, पैसे कुठल्या तारखेला. याला स्टँप पेपर लागत नाही. उत्तरादाखल व्हॉट्सअॅपवर 'ओके' आलं तर त्याचा स्क्रीनशॉट काढावा, मूळ मेसेज पुसू नये आणि मगच फाइल उघडावी.