सरमेच्या पिलाचा अपराध

महाभारताचा आरंभ युद्धाने होतो असे कोणी समजत असेल, तर त्याने आदिपर्वातील पौष्यपर्व पुन्हा एकदा उघडावे. कुरुक्षेत्री, म्हणजे आमच्या या दिल्लीपासून फार दूर नव्हे अशा ठिकाणी, जनमेजयाचे दीर्घसत्र चालले आहे. तेथे सरमा नामक देवशुनीचे पिलू येते आणि राजाचे तिघे बंधू त्यास बदडून काढतात. पिलू रडत आईकडे जाते. आईला प्रथम वाटते, की यानेच काही आगळीक केली असावी. ते सांगते, की आपण हविर्द्रव्य चाटले तर नाहीच, पण त्याकडे पाहिलेदेखील नाही. सरमा यज्ञमंडपात येऊन जाब विचारते. त्या राजपुत्रांपाशी उत्तर नसते. तेव्हा ती शाप देते, की निरपराध्यास मारलेत, सबब न दिसणारे भय तुमच्यावर येईल. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या उंबऱ्याशीच व्यासांनी मार खाल्लेले एक कुत्रे बसवून ठेवले आहे. शेवटी युधिष्ठिराच्या मागे चालणारे कुत्रे सर्वांस ठाऊक असते. हे पहिले फारसे कोणास आठवत नाही.

आम्हांस मात्र ते वरचेवर आठवते, आणि त्यास कारण सरकारी वसाहतीतील संध्याकाळ. दिवसभर बंद घरात किंवा गच्चीवर बांधून ठेवलेले कुत्रे, साडेसहाला कचेरीतून परतलेले यजमान, आणि सतरंजीवर सकाळी अकराच्या सुमारास झालेली ओल. मग पट्टा धरून कुत्र्याचे नाक त्या ओलीवर घासणे, वर्तमानपत्राच्या सुरळीचे चार फटके, आणि शेजाऱ्यांस उद्देशून निकालपत्र : "पाहा, त्याचे त्याला कळते. तोंड कसे चोरासारखे केले आहे!" असे म्हणणारे गृहस्थ दुष्ट नसतात. बहुधा ते पदवीधर असतात, दासबोध वाचणारे असतात, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाची वर्गणी सर्वांआधी देणारे असतात. फक्त ज्या आरोपपत्रावर ते शिक्षा ठोठावतात, ते आरोपीवर कधी बजावलेलेच नसते.

या 'चोरासारख्या तोंडा'ची उलटतपासणी २००९ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या विदुषींनी केली. चौदा कुत्री आणि त्यांचे मालक त्यांनी घेतले. मालकाने 'खाऊला तोंड लावू नको' असे बजावून खोलीबाहेर जावे. त्याच्या पाठीमागे कधी कुत्र्यास खाऊ खाऊ द्यावा, कधी तो उचलून घ्यावा, आणि परतलेल्या मालकास कधी खरे सांगावे, कधी खोटे. कान पाडणे, नजर चुकविणे, अंग चोरणे ही जी अपराधाची चिन्हे म्हणून समजली जातात, ती कुत्र्याने खाल्ले की नाही यावर अवलंबून नव्हती. मालक रागावला की नाही यावर होती. सर्वांत ठळक कोठे दिसली म्हणाल, तर ज्याने खाऊ खाल्ला नव्हता आणि तरीही बोलणी खाल्ली, त्या कुत्र्यात. सरमेच्या पिलाची साक्ष अखेर नोंदवून घेतली गेली, ती अशी.

शिकणे म्हणजे काय, यात एवढे गूढ काही नाही. थॉर्नडाइक याने मांजरांस खटक्याच्या पेट्यांत कोंडून केलेले प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध झाले. ज्या हालचालीने दार उघडे आणि बाहेरचा मासा मिळे, ती हालचाल मांजर पुढल्या खेपांस अधिकाधिक लवकर करी. बाकीची धडपड गळून जाई. पुढे स्किनर याने १९३८ च्या ग्रंथात हेच तत्त्व काटेकोर मांडले. आपली मानसशास्त्राची पुस्तके ज्यास 'प्रबलन' म्हणतात ते हेच : कृतीपाठोपाठ इष्ट फळ मिळाले, की कृती दृढ होते. यातील सारा जीव 'पाठोपाठ' या शब्दात आहे. फळ क्षण-दोन क्षणांत यावे लागते. सकाळी अकराच्या कृत्याचे फळ संध्याकाळी साडेसहाला दिले, तर कुत्र्याच्या खातेवहीत ते मालकाच्या परतण्याच्या नावे पडते. म्हणून मालकाची चाहूल लागताच ते पलंगाखाली शिरते, आणि आपण म्हणतो, त्याला कळते!

याउलट जे करावयाचे ते इतके साधे आहे, की आपल्या विद्वत्तेस ते रुचत नसावे. पिलू झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्यास बाहेर न्यावे. बाहेर कार्यभाग उरकला की तेथल्या तेथे, घरी परतल्यावर नव्हे, पोळीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा द्यावा आणि शाबासकी द्यावी. घरात झालेली ओल मुकाट्याने पुसावी. बसावयास शिकवायचे तर कंबर दाबू नये. तुकडा नाकाजवळून डोक्यावर सावकाश न्यावा. मान वर जाते, मागची बाजू आपोआप टेकते, आणि टेकल्या क्षणी तुकडा तोंडात पडावा. सवय बसू लागली की दर खेपेस काही द्यावेही लागत नाही. कधी मिळते, कधी मिळत नाही, अशा फळाने सवय उलट अधिक चिवट होते, हे लॉटरीची तिकिटे घेणाऱ्यांस वेगळे सांगणे नको. अंगावर उड्या घेणाऱ्या कुत्र्यास गुडघा मारण्याऐवजी पाठ फिरवावी, आणि चारही पाय जमिनीस टेकताच त्याची विचारपूस करावी. त्यास हवे असते आपले लक्ष. ते कशाने मिळते, एवढेच त्यास समजावयाचे असते.

येथे हमखास आक्षेप येतो, की ही तर लाच झाली. आम्ही कारकून आहोत. लाच आणि पगार यांतील भेद इतरांनी आम्हांस शिकवू नये. लाच जे काम होऊ नये, किंवा जे विनामूल्य व्हावयास हवे, त्यासाठी दिली जाते. पगार केलेल्या कामाचा आणि काम झाल्यावर मिळतो. महिनाअखेरीस बँकेत जमा होणारी रक्कम हा आमच्या चारित्र्यावरील डाग आहे, असे या आक्षेपकांपैकी एकानेही आजवर म्हटलेले नाही. ती बंद करून निव्वळ वरिष्ठांच्या धाकावर कचेऱ्या चालवाव्यात, अशी मागणी कोणत्या वेतन आयोगापुढे झाल्याचेही ऐकिवात नाही. मग पोळीच्या तुकड्यावरच हा नैतिक कटाक्ष कशासाठी?

दुसरा आक्षेप अधिक ऐटीत येतो, कारण तो इंग्रजी पुस्तकांतून आणि दूरचित्रवाणीवरून आलेला असतो. कुत्रा हा मुळात लांडगा. लांडग्यांच्या कळपात एक 'अल्फा' असतो. तो दांडगाईने राज्य करतो. सबब मालकाने घरात अल्फा व्हावे. या कल्पनेचे मूळ रुडॉल्फ शेंकेल याने बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून १९४७ साली लिहिलेल्या निबंधात आहे, आणि तिचा प्रसार डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० च्या ग्रंथाने झाला. त्याच मेकने पुढे रानातील लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ साली स्वच्छ लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते : आई, बाप आणि त्यांची पोरे. ज्यास आपण अल्फा म्हणत होतो, तो त्या घरातला बाप. आपला जुना ग्रंथ छापणे थांबवावे म्हणून त्याने प्रकाशकांच्या मागे लकडा लावला, आणि २०२२ मध्ये तो थांबला. ज्याच्या ग्रंथाने कल्पना पसरली, त्यानेच ती मागे घेतली. परंतु वसाहतीत चोक चेन घेऊन येणाऱ्या ट्रेनरपर्यंत ते परिपत्रक अद्याप पोहोचलेले दिसत नाही.

हा ट्रेनर महिन्याचे पैसे घेतो, अर्धा तास साखळीला हिसके देतो, आणि कुत्रे त्याच्या डाव्या पायाशी चालू लागते. यजमान संतुष्ट होतात. साखळी सुटली की कुत्रेही सुटते, कारण त्यास चालणे शिकविलेले नसते, हिसका चुकविणे शिकविलेले असते. पोर्तुगालमधील पोर्तो येथे ब्याण्णव पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्री शिकताना अधिक ताणाखाली दिसलीच, पण तो ताण वर्ग सुटल्यावरही पुरता सुटला नव्हता, असे त्यात आढळले. (जाता जाता : मराठी घरातील या कुत्र्याशी सर्वजण इंग्रजीत का बोलतात? बदलीवरच्या आमच्या घरांत मुले हिंदी बोलतात, कुत्रे 'सिट' आणि 'स्टे' ऐकते, आणि मराठी ऐकावयास देव्हाऱ्यातील देव तेवढे उरतात. 'बस' या शब्दास कुत्र्याची काही हरकत नसते, हे आम्ही खात्रीपूर्वक सांगू शकतो.)

पोलिसांची आणि लष्कराची कुत्री धाकानेच तयार होतात, ही समजूतही जुनीच. सक्तीने कुत्रे बसविता येते. हुंगविता येत नाही. नाक ही ऐच्छिक गोष्ट आहे. स्फोटके शोधणारे कुत्रे शोधते ते चेंडूसाठी, खेळासाठी, खाऊसाठी. आणि वास सापडला तर तो सांगण्याची त्यास भीती वाटता कामा नये. कुत्रेच कशाला, टांझानियात 'अपोपो' ही संस्था मोठ्या जातीच्या आफ्रिकन उंदरांस क्लिकर नावाच्या टिकटिक करणाऱ्या डबीने आणि केळ्याच्या तुकड्यांनी भूसुरुंग हुंगावयास शिकविते. त्यांपैकी मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभरांहून अधिक सुरुंग व स्फोटके शोधून काढली आणि २०२० साली ब्रिटनमधील एका प्राणिसंस्थेचे सुवर्णपदक मिळविले. त्याला कोणी अल्फा होऊन दरडावले नव्हते. आमच्याकडे मात्र कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही म्हण अजून प्रमाण मानली जाते. शेपूट सरळ व्हावे हा हट्ट कोणाचा होता, हे कोणी विचारीत नाही.

आता त्या शापाकडे वळू. माराने जे दडपले जाते त्यात पहिली जाते ती गुरगुर. मूल कान ओढते, कुत्रे गुरगुरते, त्यास फटका बसतो. दोन-चार खेपांनी गुरगुर बंद होते आणि घरात सर्वांस वाटते, की कुत्रे सुधारले. वास्तविक कान ओढल्याचे दुःख तसेच असते. गेलेली असते ती फक्त पूर्वसूचना. मग एक दिवस तेच कुत्रे 'काही कारण नसताना, एकाएकी' चावते. सरमेने ज्यास न दिसणारे भय म्हटले, त्याचा याहून नेमका अर्थ आम्हांस तरी सुचत नाही.

आणि कायदा? प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम, त्याचे कलम ११. मारणे, लाथाडणे इत्यादींनी प्राण्यास 'अनावश्यक' वेदना देणे हा तेथे अपराध ठरविला आहे. पहिल्या अपराधास त्या अधिनियमाने दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला, त्यावर हसावयाचे त्यांनी हसून घ्यावे. टिपणी लिहिणाऱ्याची नजर त्या विशेषणावर खिळली पाहिजे. जोवर मारावाचून शिकविता येत नाही असा समज होता, तोवर शिकविण्यासाठी दिलेला मार आवश्यक म्हणून खपत होता. मारावाचून शिकविता येते, किंबहुना अधिक चांगले शिकविता येते, हे एकदा सिद्ध झाल्यावर शिकविण्याच्या नावाखाली दिलेला प्रत्येक फटका त्या विशेषणाच्या कक्षेत येतो. त्याच कलमात नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास हिंडविण्याची हयगय करणे आहे, आणि उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्यास वाजवी कारणावाचून सोडून देणेही आहे.

हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम या पृष्ठांवरील वाचकांसाठी लिहिले आहे. बदल्यांच्या दिवसांत कोणत्याही सरकारी वसाहतीच्या फाटकाशी पाहावे. गळ्यात पट्टा आहे, पण हाक मारणारे कोणी नाही, अशी एक-दोन कुत्री रिकाम्या क्वार्टरच्या पायरीवर बसलेली दिसतात. चौकशी केली तर उत्तर ठरलेले : "शिकले नाही हो, फार द्वाड होते, प्रवासात कसे नेणार?" दोन वर्षे ज्यास फक्त मारले, त्यावर न शिकल्याचा शेरा मारून ट्रक निघून गेलेला असतो.

प्रवासात नेता येते. रेल्वेत गार्डाच्या डब्यातील पेटीत जागा मिळते, किंवा वातानुकूलित प्रथम वर्गाचे संपूर्ण कूपे घेता येते. पेटीत शांत बसणे हेदेखील शिकविता येते : घरात एक खोके उघडे ठेवून जेवण त्यातच द्यावे, मग दार क्षणभर लावून लगेच उघडावे, मग मिनिटभर, मग पाच मिनिटे, आणि दर वेळी दार उघडण्यापूर्वी आत तुकडा टाकावा. हुकूम येईपर्यंत थांबू नये हे उत्तम. परंतु थांबलेच असाल, तरी १९७९ च्या नियमांप्रमाणे रुजू होण्यास हजार किलोमीटरपर्यंत १० दिवस, त्यापुढे १२ आणि दोन हजारांवर १५ दिवस मिळतात. सामान बांधण्यास इतके दिवस कोणालाच लागत नाहीत.