ओली गाठ आणि तान्हं बाळ



गेल्या उन्हाळ्यात आम्ही सगळे अश्दोदच्या समुद्रावर गेलो होतो. माझ्या नातीने आपलं पाच महिन्यांचं बाळ कापडाच्या बेबी कॅरियरमध्ये छातीशी बांधलं आणि ती तशीच पाण्यात शिरली. आधी गुडघाभर, मग कमरेपर्यंत. मी खुर्चीवर बसून पाहत राहिले. सारी उमर नर्सचं काम केलेली बाई मी, पण तोंडातून शब्द निघेना. वाटलं, बोलले तर मुलं म्हणतील, ‘सावताला प्रत्येक गोष्टीची भीती!’

तेवढ्यात लाट आली. तिचा पाय घसरला आणि ती पाण्यात गुडघ्यांवर आपटली. लगेच उठली. बाळ खोकलं, रडलं, शांत झालं. देवाच्या कृपेने काही झालं नाही. पण पडताना तिचे दोन्ही हात तोल सावरायला गेले होते. बाळाला धरायला एकही हात नव्हता. ते तिला बांधलेलं होतं, म्हणून तिच्याबरोबर पाण्याखाली गेलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घरी बोलावलं. त्याच कापडात पाच किलो तांदळाची पिशवी तिच्या छातीशी बांधायला लावली, न्हाणीघरात तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि म्हटलं, “आता काढ.” ती हसत होती. मी आकडे मोजू लागले. वीस झाले, तीस झाले, गाठ सुटेना. चाळीसला तिचं हसू थांबलं. ओल्या परकराच्या नाडीची गाठ किती घट्ट बसते हे आपल्या पिढीतल्या बायकांना शिकवायला नको. तिने ते त्या दिवशी पाहिलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बाळ अंगाला बांधून पाण्यात उतरू नये. समुद्रात नको, तलावात नको, पोहण्याच्या हौदातही नको. बकलवाल्या कॅरियरने फरक पडत नाही. त्याची बकलं बहुधा पाठीमागे असतात आणि सोडायला बहुधा दोन्ही हात लागतात. पाण्यातही चालते म्हणून जाळीच्या कापडाची झोळी विकतात. तिचं कापड लवकर वाळतं, एवढंच. ती बाळाला तरंगत ठेवत नाही. शिवाय बाळाचं तोंड आपल्या छातीपाशी असतं. पाणी छातीला लागलं की ते बाळाच्या नाकाशी आलं. आपली नजर लाटांकडे असते आणि बुडणारं तान्हं मूल ओरडत नाही. ते गुपचूप जातं.

कोकणात आपल्या आज्या मूल कडेवर घेत. कडेवरचं मूल घसरताना एका झटक्यात वर उचलता येतं. पाण्यात बाळासाठी हातच हवेत, पट्टे नकोत.

मग बाळाला पाण्यात न्यायचंच नाही का? न्या, पण रीतीने. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सुमारे 32 अंश उबेचं, शांत पाणी हवं. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. ओठ निळसर दिसले किंवा बाळ कुडकुडलं तर लगेच बाहेर काढून कोरडं करून उबेत घ्या. धरणाऱ्याचे दोन्ही हात बाळाला असावेत, आणि दुसरं मोठं माणूस हाताच्या अंतरावर उभं असावं. समुद्रावर मत्सिल हजर असेल तिथेच उतरा. लाल बावटा म्हणजे धोका, काळा म्हणजे पाण्यात उतरायला मनाई.

आपल्याबद्दलही एक सांगते. आपले गुडघे आता पहिल्यासारखे नाहीत. ब्लडप्रेशरच्या गोळीने कुणाला चक्करही येते. पणतूचा कितीही मोह झाला तरी त्याला घेऊन लाटांत उभं राहू नका. सावलीत बसून मांडीवर घ्या. कॅरियर वाळूपर्यंत येण्याजाण्याला उत्तम आहे, पण त्यातही बाळाची हनुवटी छातीवर टेकलेली नसावी आणि तोंड आपल्याला दिसत असावं.

वेळ आलीच तर 101 वर मागेन दाविदला फोन करा, शब्बाथ असला तरी. जीव वाचवणं आधी. बाळ श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. त्याच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवून हलकी फुंकर द्यायला लागा आणि फोनवरचा माणूस सांगेल तसं करा.

त्या दिवशी मी गप्प बसले, ही माझी चूक. मुलं रागावतील म्हणून तुम्ही गप्प बसू नका. रागावलेली नात चार दिवसांत परत बोलते. माझी तर दुसऱ्याच दिवशी बोलली. आता ती आपल्या मैत्रिणींना तांदळाच्या पिशवीची गोष्ट सांगते.