मंडपेश्वरचा मठ आणि आपले मौन

बोरिवलीच्या मंडपेश्वर टेकडीवर फ्रान्सिस्कन मठाच्या भिंती छपराविना उभ्या आहेत. त्यांच्याविषयी आपल्या समाजात सहसा एकच कथा ऐकू येते: संन्याशांनी मठ उभारला आणि मराठ्यांनी तो मोडला. ही कथा अर्धी आहे. अर्धी कथा सांगणे हा असत्याचाच एक प्रकार होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या टेकडीच्या पोटात मठाहून सुमारे हजार वर्षांनी जुनी शैव गुंफा आहे. तिच्यात नृत्यमग्न शिवाचे भव्य शिल्प आहे. १५३४ साली वसई प्रांत पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्यानंतर काही वर्षांतच फादर आंतोनियो दो पोर्तो यांनी या गुंफेचे चर्च केले. शिल्पे भिंतीआड गेली. वर, ज्या खडकात देऊळ कोरले होते त्याच खडकाचा आधार घेऊन, मठ व विद्यालय उभे राहिले. गुंफेत कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. पुढे १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली व मठ ओस पडला. म्हणजे ज्या वास्तूच्या विध्वंसाबद्दल आपण हळहळतो, तिचा पायाच दुसऱ्याच्या देवळावर घातलेला होता.

यावर काही सुज्ञ मंडळी म्हणतील, आपण अल्पसंख्य. टीकाकारांच्या हाती कोलीत कशाला द्यावे? आमचे उत्तर असे की, ही गोष्ट लपलेली नाहीच. गुंफा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून कोणीही ती पाहू शकतो. आपण गप्प राहिलो, तर हीच कथा दुसरे सांगतील, आणि ती प्रेमाने सांगतीलच असे नाही. आपण सांगितली, तर त्या संन्याशांनी मुलांना विद्या दिली हेही सांगता येईल.

आम्ही भंडारा जिल्ह्यातील कोंढ्याची माणसे. बोरिवली आम्हांला दूर, परंतु आमच्याच तालुक्यातील पवनीला १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीचे उत्खनन झाले, तेव्हा तिच्यातून दोन हजार वर्षांहून जुना विटांचा बौद्ध स्तूप निघाला. या भूमीत एका श्रद्धेच्या खाली दुसरी श्रद्धा सापडते, हे आम्ही घराजवळच पाहिले आहे. खालचा थर नाकारल्याने वरचा थर पवित्र होत नाही.

चर्चनेही हेच शिकविले आहे. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, चर्चच्या लेकरांनी इतर संस्कृती व धर्म यांच्याविरुद्ध केलेल्या पापांबद्दल परमेश्वराकडे जाहीर क्षमा मागितली. रोममध्ये पोप जे बोलू शकले, ते आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बोलायला आपली जीभ का अडखळावी?

तेव्हा पालकांना व धर्मशिक्षकांना आमचे सांगणे एवढेच: मुलांना मंडपेश्वरला अवश्य न्या. मात्र आधी गुंफेत न्या, शिवाचे शिल्प दाखवा, त्यावर काय गुजरले ते सांगा. मगच मठाच्या भिंतींकडे वळा.